सीईटीचं पर्सेंटाईल आलं, पण कॉलेज कुठलं मिळेल? कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांनी पसंतीक्रम कसा लावावा?

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की कोल्हापुरात बारावीचं मूल असलेल्या प्रत्येक घरात एकच प्रश्न सुरू होतो: "एवढ्यावर कुठलं कॉलेज मिळेल?" व्हॉट्सॲपवर याद्या फिरू लागतात. कुणी म्हणतं सांगलीचं वालचंद पक्कं, कुणी म्हणतं केआयटीसुद्धा अवघड. दोघंही अंदाजच सांगत असतात.

इंजिनिअरिंगचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप'मधून होतात. यात कॉलेज मिळणं बऱ्याच अंशी दोन गोष्टींवर ठरतं: तुमचा गुणवत्ता क्रमांक आणि तुम्ही भरलेला पसंतीक्रम. पहिली गोष्ट निकालानंतर बदलत नाही. दुसरी पूर्णपणे तुमच्या हातात असते.

पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत

९० पर्सेंटाईल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हेत. परीक्षेला बसलेल्या १०० पैकी साधारण ९० जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. समजा ४ लाख विद्यार्थी बसले, तर ९० पर्सेंटाईलवाल्याच्या पुढे जवळपास ४० हजार जण असतात.

दरवर्षी परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या बदलते. म्हणून गेल्या वर्षीचं ९२ पर्सेंटाईल आणि यंदाचं ९२ पर्सेंटाईल एकाच जागी उभं करत नाही. तुलना करायची ती राज्य गुणवत्ता यादीतल्या क्रमांकाची. ही यादी कॅपसाठी नोंदणी केलेल्यांचीच असते. सीईटी कक्ष दरवर्षी जो कटऑफ प्रसिद्ध करतो, त्यात प्रत्येक जागेसाठी शेवटच्या विद्यार्थ्याचा गुणवत्ता क्रमांक आणि त्याखाली कंसात पर्सेंटाईल दिलेलं असतं. आधी वरचा आकडा बघा.

कटऑफच्या यादीतली अक्षरं कशी वाचायची?

कटऑफच्या पीडीएफमध्ये 'जीओपनएच', 'एलओपनओ', 'जीओबीसीएस' असे शब्द दिसतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाच्या जागा आणि एस म्हणजे राज्यस्तरीय जागा.

होम युनिव्हर्सिटीचा मुद्दा कोल्हापूरकरांसाठी महत्त्वाचा आहे. शिवाजी विद्यापीठाचं कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचं. ज्या कॉलेजांना हा नियम लागू आहे, तिथे राज्याच्या कोट्यातल्या ७० टक्के जागा त्याच विद्यापीठ क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के बाहेरच्यांसाठी असतात. म्हणजे कोल्हापूरच्या मुलाने पुण्यातल्या खासगी कॉलेजचा कटऑफ बघताना 'एच' नव्हे, 'ओ'चा आकडा बघायचा. पुण्याच्या सीओईपीसारख्या किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या संस्थांत जागा राज्यस्तरावर भरतात, तिथे 'एस' बघायचा.

यात एक गोष्ट अनेकांच्या उशिरा लक्षात येते. होम युनिव्हर्सिटी घराच्या पत्त्यावर ठरत नाही, बारावी कुठून पास झालात यावर ठरते. घर कोल्हापुरात, पण अकरावी-बारावी लातूरला केली असेल, तर होम युनिव्हर्सिटी नांदेडची धरली जाते. अशा विद्यार्थ्यासाठी कोल्हापुरातली कॉलेजंही बाहेरची ठरतात.

राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रवर्गाचा आणि खुल्या गटाचा असे दोन्ही कटऑफ बघावेत, कारण खुल्या जागांसाठीही त्यांचा विचार होतो. मुलींनी 'जी' आणि 'एल' दोन्ही बघावेत.

तीन गट पाडा

मागच्या तीन वर्षांचे कटऑफ काढा आणि हव्या त्या प्रत्येक कॉलेज-शाखेसमोर तीन क्रमांक लिहा. समजा एका शाखेचे शेवटचे क्रमांक १८,५००, २०,८०० आणि २३,६०० असे आहेत आणि तुमचा क्रमांक २२,००० आहे. म्हणजे तीनपैकी एका वर्षी ती जागा तुम्हाला मिळाली असती. इथे आकडा जितका मोठा, तितका प्रवेश सोपा. अशा हिशोबाने यादीचे तीन भाग पडतात.

पहिला, वरची कॉलेजं. तिन्ही वर्षं कटऑफ तुमच्या क्रमांकाच्या आधीच संपला, पण फरक फार नाही. मिळालं तर उत्तम.

दुसरा, बरोबरीची कॉलेजं. काही वर्षी मिळालं असतं, काही वर्षी थोडक्यात हुकलं असतं.

तिसरा, खात्रीची कॉलेजं. तिन्ही वर्षं तुमच्या क्रमांकाच्या बऱ्याच पुढे जाऊनही जागा मिळत होत्या.

पहिल्या आणि शेवटच्या फेरीचे कटऑफ वेगळे असतात. पुढच्या फेऱ्यांत जागा सुटतात आणि कटऑफ बहुतेकदा खाली येतो. त्यामुळे 'मिळेल का?' याचं उत्तर शेवटच्या फेरीत शोधा आणि 'लगेच मिळेल का?' याचं पहिल्या फेरीत. शाखा नवीन असेल किंवा जागा वाढल्या असतील, तर जुन्या आकड्यांवर फार विसंबू नका.

कोल्हापूरच्या आसपास काय पर्याय आहेत?

सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ पासूनचं, अनुदानित आणि स्वायत्त. कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं. या दोन ठिकाणी अनेकांचा डोळा असतो, कारण नाव जुनं आणि फी खासगी कॉलेजांपेक्षा कमी. कोल्हापुरात गोकुळ शिरगावजवळचं केआयटी, कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील आणि शिवाजी विद्यापीठाचा स्वतःचा तंत्रज्ञान विभाग आहे. इचलकरंजीचं डीकेटीई वस्त्रोद्योगाच्या शाखांसाठी राज्यभर ओळखलं जातं. शिवाय राजारामनगरचं आरआयटी, वारणानगरचं तात्यासाहेब कोरे, जयसिंगपूरचं मगदूम आणि यड्रावचं शरद इन्स्टिट्यूट ही कॉलेजं रोज ये-जा करण्याच्या किंवा शनिवार-रविवारी घरी येण्याच्या अंतरावर आहेत.

एकाच कॉलेजात कॉम्प्युटर आणि सिव्हिलच्या कटऑफमध्ये हजारो क्रमांकांचा फरक पडू शकतो. त्यामुळे 'अमुक कॉलेज मिळेल का?' हा प्रश्न अर्धाच आहे. कॉलेज आणि शाखा मिळून एक पर्याय धरा. एकाच कॉलेजची एक शाखा वरच्या गटात आणि दुसरी खात्रीच्या गटात असू शकते.

क्रम कसा लावायचा?

'वरचं कॉलेज पहिलं टाकलं तर खालचं हातचं जाईल' ही भीती चुकीची आहे. प्रणाली गुणवत्ता क्रमांकाने एकेका विद्यार्थ्याकडे येते आणि त्याच्या यादीत वरून खाली जात, उपलब्ध असलेली पहिली जागा देते. तुमचं दहावं कॉलेज तुमच्या मागच्या मुलाने पहिलं टाकलं, म्हणून ते त्याला तुमच्या आधी मिळत नाही. त्यामुळे क्रम आवडीचा ठेवा, शक्यतेचा नको.

मात्र २०२५-२६ च्या प्रवेशांपासून एक नियम कडक झाला आहे. कॅपच्या चार फेऱ्या होऊ लागल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती जागा आपोआप 'फ्रीझ' होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलीही पसंती मिळाली तरी तेच. ती जागा नाकारली तर पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं.

याचा अर्थ, वरच्या सहा जागांवर 'बघू, मिळालं तर ठरवू' असं काहीही टाकायचं नाही. त्यातलं प्रत्येक नाव घरच्यांशी बोलून, फी आणि राहण्याचा खर्च बघून ठरलेलं हवं. त्याखालची जागा मिळाली तर ती स्वीकारून 'बेटरमेंट' घेता येतं. पण पुढच्या फेरीत वरचं मिळालं की आधीची जागा आपोआप जाते, हे लक्षात ठेवा. नियम दरवर्षी बदलू शकतात, त्यामुळे फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचा.

पैशाचं गणित

खात्रीचं कॉलेज म्हणजे प्रवेश मिळणारं आणि फी परवडणारंही. मिळालेली पण न परवडणारी जागा खात्रीची नसते.

वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असेल तर तीन गोष्टी तपासा. टीएफडब्ल्यूएसच्या ५ टक्के वाढीव जागांवर शिक्षण शुल्क माफ असतं. त्यांचा चॉइस कोड वेगळा, शेवटी टी असलेला. तो वेगळा भरावा लागतो आणि कटऑफही बहुधा चढा असतो. दुसरी, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. तिच्यात पात्र विद्यार्थ्यांना निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. तिसरी, २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत मिळणारी शंभर टक्के शुल्कमाफी.

या सवलती कॅपमधून घेतलेल्या प्रवेशासाठी आहेत. शेवटी घाबरून व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर त्या हातच्या जातात. पसंतीक्रमात खात्रीची पाच-सहा नावं न टाकल्याची किंमत अशी चार वर्षं मोजावी लागते.

कागदपत्रंही शक्यता बदलतात

नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही, तर विद्यार्थी खुल्या गटात मोजला जातो. मग प्रवर्गाचा कटऑफ बघून केलेला सगळा हिशोब कोलमडतो. प्रमाणपत्र अजून हातात नसेल, तर यादीत खुल्या गटानेही मिळतील अशी काही नावं ठेवा.

फॉर्म लॉक करण्याआधी शेवटचं नाव पुन्हा वाचा आणि स्वतःला विचारा, 'फक्त हेच मिळालं तर मी जाईन का?' उत्तर 'नाही' असेल तर ते नाव काढा आणि 'हो' म्हणता येईल असं दुसरं शोधा.