वनस्पतींचे प्रतिकार-ग्राही

रोगजंतूंची चाहूल घेऊन पेशीचा बचाव सुरू करणारी प्रथिने. वनस्पतींना प्रतिपिंडे नसतात, शरीरभर फिरणाऱ्या संरक्षक पेशीही नसतात. प्रत्येक पेशी स्वतःपुरती लढते, आणि त्यासाठी लागणारे ग्राही बीजातूनच वारशाने आलेले असतात.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात हा विषय शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा आहे, तो हरभऱ्याच्या मर रोगामुळे. फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकते आणि मुळांतून जलवाहिन्यांत शिरते. हिरवेगार झाड माना टाकते. खोड उभे चिरले की आत तपकिरी-काळी रेघ दिसते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६८) विजय (१९९४) आणि दिग्विजय (२००६) हे मर-प्रतिकारक वाण दिले. असे वाण निवडताना मुद्दाम रोगट राखलेल्या शेतात वाणांच्या ओळी पेरतात आणि मधूनमधून जेजी-६२ हा हमखास बळी पडणारा वाण लावतात. तो मेला, म्हणजे जमिनीत रोग पुरेसा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दिग्विजय आणि जेजी-६२ यांचीच तुलना करून मुळांतील बचावाच्या जनुकांचा अभ्यास केला.

ग्राहींचे मुख्य गट दोन. पहिला पेशीच्या पृष्ठभागावर असतो. बुरशीच्या भित्तिकेतील कायटिनचे तुकडे तो ओळखतो, आणि पेशी भित्तिका जाड करू लागते, बुरशीनाशक द्रव्ये बनवू लागते. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करणाऱ्या रायझोबियम गटातील जिवाणूंचा संकेत ओळखणारे ग्राहीही याच कुळातले. मित्र आणि शत्रू ओळखणारी प्रथिने एकाच पूर्वज जनुकाच्या प्रतींतून निपजली, ही या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणावी लागेल.

दुसरा गट पेशीच्या आत असतो. रोगजंतू बचाव मोडण्यासाठी जी प्रथिने आत सोडतो, ती किंवा त्यांनी केलेली मोडतोड हे ग्राही हेरतात. २०१९ मध्ये चिनी संशोधकांनी अशा एका ग्राहीची रचना उलगडली: पाच रेणू एकत्र येऊन चक्र बनते. हे चक्र पेशीपटलात रुतून कॅल्शियम आत सोडते, असे पुढे दिसले. बाधित पेशी बहुधा मरते आणि रोग तिथेच अडतो.

आतल्या ग्राहींची जनुके गुणसूत्रांवर अनेकदा झुबक्याने आढळतात. प्रत बनताना एकाच्या दोन होतात, प्रतींमध्ये अदलाबदल होते, आणि रोगजंतूला ओळखणारा भाग सर्वांत वेगाने बदलतो. बुरशीही थांबत नाही. ओळखले जाणारे प्रथिन तिने बदलले किंवा टाकून दिले की जुना ग्राही निरुपयोगी ठरतो. मर रोगाच्या बुरशीचे १अ, २, ३ आणि ४ हे वंश (रेस) भारतात नोंदले गेले आहेत. एकाला दाद न देणारा वाण दुसऱ्यापुढे हार खाऊ शकतो.

हरभऱ्याचा सगळा प्रतिकार मात्र ग्राहींच्या खात्यावर मांडणे चूक आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासात बुरशीच्या पहिल्या वंशाविरुद्धची तीन जनुके सापडली. त्यांतली दोन अप्रभावी, म्हणजे दोन्ही जनकांकडून आली तरच परिणाम दाखवणारी. ग्राहींची जनुके सहसा प्रभावी असतात. एकटे जनुक मर फक्त लांबवते; कोणतीही दोन एकत्र आली की झाड पूर्ण तगते.