एक घर पुढे

धुळ्याला आमच्या ओट्यावर संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडला जायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, देशी पद्धतीने खेळत. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता, शह बसण्याआधी राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. पुढे जळगावला कॉलेजात मी आंतरराष्ट्रीय नियम शिकलो आणि सुट्टीत घरी येऊन अण्णांना सुनावले, "पटाचा मध्य असा सोडून देतात का? ही घाबरट चाल झाली!" अण्णा नुसते हसले. माझ्यासोबत मात्र पुन्हा कधी पटावर बसले नाहीत.

परवा नातवाने 'किंग्ज इंडियन' बचाव दाखवला आणि हे सारे आठवले. काळा खेळाडू घोडा काढतो, राजाच्या बाजूचे प्यादे एक घर सरकवून उंट लांब कर्णावर ठेवतो, वजिरापुढचे प्यादेही एकच घर. अगदी अण्णांची मांडणी!

देशी आणि युरोपीय खेळातला फरक आपल्याकडे जुनाच. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. ते युरोपीय पद्धतीला जुळवून घेतल्याचे त्याच्या नावातच आहे. पुढे १८४८ च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन हे बॅरिस्टर महेशचंद्र बॅनर्जींशी खेळू लागले. महेशचंद्र देशी खेळात मुरलेले. युरोपीय नियम स्वीकारूनही ते प्यादी एकेक घर सरकवत आणि उंट कोपऱ्यात बसवत. हे डाव इंग्लंडच्या नियतकालिकांत छापून आले. अशा बचावांना 'इंडियन' नाव पडले त्यामागे हे डाव आहेत. १९४० च्या दशकात ब्रॉनस्टीन, बोलेस्लाव्स्की या सोव्हिएत खेळाडूंनी त्याचे धारदार शस्त्र केले. पुढे फिशर आणि कास्पारोव्ह यांनीही ते चालवले.

यात घाबरटपणा कुठे आहे? मध्य पांढऱ्याला घेऊ द्यायचा आणि मग राजापुढचे प्यादे पुढे घालून त्यालाच आव्हान द्यायचे. पांढऱ्याने वजिराचे प्यादे पुढे रेटून मध्य बंद केला की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. पांढरा वजिराच्या बाजूने घुसतो. काळा स्वतःच्याच राजापुढची प्यादी पांढऱ्या राजावर सोडतो. पांढऱ्या घरांवरचा उंट त्याने जपायचा, कारण शेवटच्या हल्ल्यात बळी द्यायला बहुधा तोच लागतो. आता सारा खेळ आधी कोण पोचतो याचा. पांढरा आधी पोचला तर काळ्याची मोहरी जातात. काळा आधी पोचला तर थेट मात!

अण्णांना ही नावे ठाऊक नव्हती, आणि त्यांच्या खेळात एवढी तयारी होती असेही मी म्हणणार नाही. पण एक घर सरकणारा माणूस घाबरलेलाच असतो, हे मी शिक्षक होण्याआधीच ठरवून मोकळा झालो होतो. पुढे वर्गातही सावकाश उत्तर देणाऱ्या किती मुलांना मी असेच मोजले असेन!

असो. नातवाला काळी मोहरी दिली आहेत. तो एक घर सरकतो आणि मी गप्प बसतो.