नऊ आठवड्यांची मुदत

ऐंशीच्या दशकात मी तालुक्याच्या गावी प्रसूतिगृह थाटलं, तेव्हा गर्भ पाडायची गोळी अशी काही वस्तूच आपल्याकडे नव्हती. तरी बायका गोळ्या खाऊन येत. पाळी चुकली की दुकानातून ई. पी. फोर्ट आणायची, हा गावोगावचा रिवाज. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचा जबर डोस असलेली ही गोळी मुळात दिवस गेलेत का, हे पाहायला वापरत. गोळ्या थांबवल्या की जिला दिवस नाहीत तिला पाळी येते. जिला आहेत तिला येत नाही. म्हणजे जिला गरजच नव्हती, तिलाच गुण यायचा! ती शेजारणीला सांगायची, शेजारीण खरोखर गरोदर असायची, आणि चौथा महिना लागल्यावर माझ्या दारात यायची. वर बाळात व्यंग राहील ही धास्ती वेगळीच. महिला संघटनांनी बरीच वर्षं ओरड केल्यावर १९८८ साली या गोळीवर बंदी आली.

योगायोग असा की, त्याच १९८८ साली फ्रान्समध्ये खऱ्या गोळीला परवाना मिळाला. पॅरिसजवळच्या रोमेनव्हिलला रूसेल-युक्लाफ कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८० साली ती तयार झाली होती. कंपनीच्या वहीतला तिचा क्रमांक ३८४८६, म्हणून नाव पडलं आरयू-४८६. आज आम्ही तिला मिफेप्रिस्टोन म्हणतो. एत्येन-एमिल बोलियू या संप्रेरकतज्ज्ञाने तिचा पाठपुरावा केला. गर्भ टिकायला प्रोजेस्टेरॉन लागतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी ही गोळी गर्भाशयातल्या प्रोजेस्टेरॉनच्या जागा धरून बसते. ते आलं तरी त्याला टेकायला मिळत नाही.

पण एकट्या गोळीचा भरवसा नव्हता. जिनिव्हातल्या १९८२ च्या पहिल्या चाचणीत ११ बायकांपैकी ९ जणींना गुण आला. पुढच्या चाचण्यांतही यशाचा आकडा फार तर ८० टक्क्यांपर्यंत जाई. १९८५ मध्ये स्टॉकहोमच्या मार्क बिग्डेमन यांच्या गटाने मिफेप्रिस्टोनच्या मागून प्रोस्टाग्लँडिन द्यायला घेतलं आणि आकडा ९५ च्या घरात गेला. पहिलं औषध गर्भ सैल करतं, दुसरं पिशवीला कळा आणतं. हे दुसरं औषध सुरुवातीला इंजेक्शनमधून देत. १९९१ मध्ये फ्रान्समध्ये भरपूर सिगारेट ओढणारी एक बाई त्या इंजेक्शननंतर हृदय बंद पडून गेली. त्यानंतर त्याची जागा हळूहळू मिसोप्रोस्टॉलच्या गोळीने घेतली.

मिसोप्रोस्टॉल मूळची पोटातल्या अल्सरची. ब्राझीलमध्ये १९८६ साली ती दुकानात आली, आणि गर्भवतीने घेऊ नये हा तिच्यावरचा इशारा वाचून तिथल्या बायकांनी बरोबर त्याचा अर्थ हेरला. गर्भपाताला जवळजवळ पूर्ण मनाई असलेल्या देशात हा शोध डॉक्टरांच्या आधी बायकांनी लावला, याचं मला अजून कौतुक वाटतं. मात्र एकटी मिसोप्रोस्टॉल दोन औषधांच्या जोडीइतकी खात्रीची नाही.

मिफेप्रिस्टोनची वाटही सोपी नव्हती. फ्रान्समध्ये तिला परवाना मिळून महिना होतो न होतो तोच विरोधकांना घाबरून कंपनीने गोळी मागे घेतली. दोन दिवसांत आरोग्यमंत्री क्लोद एव्हाँ यांनी ती परत आणायला लावली. कंपनीत सरकारचा हिस्सा होता, म्हणून ते जमलं.

आपल्याकडे कायदा आधी आला, गोळी नंतर. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला, त्यावरून १९७१ चा कायदा झाला. तेव्हा डोळ्यांसमोर होतं ते क्युरेटिनचं टेबल. गोळीला परवानगी मिळाली २००२ साली. २००३ च्या नियमांनी ४९ दिवसांची हद्द घातली. २००८ मध्ये एक मिफेप्रिस्टोन आणि चार मिसोप्रोस्टॉल असं एकत्र पाकीट आलं, त्याला मंजुरी मात्र ६३ दिवसांची. नियम सात आठवडे म्हणे, पाकीट नऊ. हा घोळ निस्तरायला २०२१ उजाडलं.

दिवस मोजण्यातही गफलत होते. बायका पाळी चुकल्या तारखेपासून मोजतात, आम्ही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. 'दीड महिना झालाय' म्हणणारी तपासली की अडीच महिन्यांची निघते. हे पाकीट नऊ आठवड्यांच्या आत नीट घेतलं तर शंभरातल्या ९५ ते ९८ जणी मोकळ्या होतात. उरलेल्यांत कुणाचं अर्धवट राहतं, क्वचित कुणाचा गर्भ तसाच वाढत राहतो आणि मग पिशवी साफ करावी लागते. गर्भ नळीत राहिला असेल तर गोळी काहीच करत नाही, आणि तरीही अंगावर जातं. बाई समजते झालं काम. तिकडे नळी फुटायची वेळ येते. आधीच रक्त कमी असलेली बाई तासाला दोन-दोन पॅड भिजवू लागली, तर तिला गाडी करून गाठता येईल असं हॉस्पिटल जवळ हवं. हे पाकिटात येत नाही.

'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधल्या अभ्यासाप्रमाणे २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यातले १ कोटी १५ लाख दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. त्यातही गोळ्या आणायला दुकानात जातो तो बहुधा नवरा, आणि दुकानदार सांगतो तेवढं तो घरी येऊन सांगतो.

२०१२ मध्ये परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण गाजल्यावर राज्यभर औषध दुकानांवर तपासण्या सुरू झाल्या आणि पुष्कळ दुकानदारांनी ही पाकिटं ठेवणंच सोडलं. असे प्रकार रोखायचे म्हणून हे चाललं होतं. पण सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे बारा आठवड्यांच्या आत भरवशाने कळतच नाही, आणि गोळीची मुदत नऊ आठवड्यांना संपते. गुन्हा एकीकडे, छापा भलतीकडे! त्यात जी बाई सातव्या आठवड्यात सुखरूप मोकळी झाली असती, ती पाकीट शोधत दहाव्यात जायची.

माझ्याकडे तीन खेपांची पद्धत होती: पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि पंधरवड्याने. पहिल्या दोन खेपा बायका चुकवत नसत. तिसरीच खरी महत्त्वाची, सगळं पडलं का ते तीतच कळतं. पण अंगावरचं थांबलं की मजुरी बुडवून, सासूला काहीबाही सांगून कोण येणार? मी तिसऱ्या खेपेची फी सोडली, त्याने फारसा फरक पडला नाही. तारीख देताना बाजाराचा वार बघून द्यायला लागले, तेव्हा येणाऱ्या वाढल्या.