औंधला शिकायला आलेला पांडुरंग

मैत्रिणींनो, साने गुरुजी शिकायला आपल्या औंधात आले होते, ठाऊक आहे ना? ते कोकणातल्या पालगडचे. दापोलीच्या शाळेत होते, पण घरची गरिबी. औंध संस्थानात गरीब मुलांना शिक्षण मोफत, जेवणाचीही सोय, असं कळलं म्हणून पांडुरंग इथं आला. त्या काळी अशी मुलं वार लावून जेवत. रोज नवं घर, नवी माउली. हाल सोसून तो शिकत होता, तोच प्लेग आला आणि मुलं घरी पाठवली गेली. तरी तो थांबला नाही. पुण्याच्या शाळेत गेला. १९१७ मध्ये आई गेली. १९१८ मध्ये तो मॅट्रिक झाला.

आजही परगावच्या मुली कॉलेजसाठी खोली घेऊन राहतात. आम्ही गटात ठरवलंय, त्यांना मार्क नंतर विचारायचे; आधी विचारायचं, "जेवलीस का गं?"