चित्रातून देहात

रेषांनी काढलेल्या आणि पडद्यावर हालत्या केलेल्या पात्रांना पुढे कधीतरी हाडामांसाच्या नटांकरवी उभे करावे, ही हौस आजच्या चित्रसृष्टीत सर्वत्र दिसून येते. नवी मुंबईतील एखाद्या घरातली मुले दूरचित्रवाणीवर जी चित्रमालिका पाहत वाढतात, तिचाच सजीव अवतार काही वर्षांनी तेथीलच चित्रगृहात पाहावयास मिळतो. या अवतारांत विज्ञानकथांचा भरणा मोठा आहे. यात कलेचे साधन बदलते, एवढेच आपण सामान्यतः मानतो. परंतु चित्राला देह लाभला म्हणजे साधनाबरोबर समाजाशी असलेला त्याचा करारही बदलतो, हे इतिहास पाहिल्यावर ध्यानात येते.

प्रथम परदेशातील एक ठळक उदाहरण घेऊ. 1974 च्या ऑक्टोबरात जपानमध्ये 'अंतराळ युद्धनौका यामातो' ही चित्रमालिका सुरू झाली. यामातो ही खरीखुरी युद्धनौका होती. 7 एप्रिल 1945 रोजी अमेरिकन विमानांनी ती बुडविली आणि तिच्याबरोबर अडीच हजारांहून अधिक नाविक सागरार्पण झाले. कथाकारांनी हीच नौका अंतराळयान करून आकाशात धाडली. परग्रहावरील शत्रूच्या माऱ्याने किरणोत्साराने होरपळलेली पृथ्वी वाचविण्याचे साधन 1,48,000 प्रकाशवर्षांवरून एका वर्षाच्या आत आणावयाचे, असे तिचे कार्य. अणुबाँब सोसलेल्या राष्ट्राची व्यथा त्यात कोणालाही दिसावी. 26 भागांच्या या मालिकेला आरंभी फारसा प्रतिसाद मिळाला नाही. 1977 साली तिच्या भागांतून सिद्ध केलेला चित्रपट मात्र लोकांनी डोक्यावर घेतला. पुढे 2010 साली दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी यांनी सजीव नटांना घेऊन तीच कथा पडद्यावर आणली.

आता गंमत पाहा. मूळ चित्रमालिकेच्या नौकेवर स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच. युकी ही तरुणी तेवढी ठसठशीतपणे वावरे. 2010 च्या चित्रपटात तीच युकी लढाऊ विमानाची वैमानिक झाली, आणि मूळचे पुरुष असलेले वैद्य सादो व संदेशवाहक आइहारा यांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. रेषांच्या जगात जे खपून गेले होते, ते सदेह माणसे उभी राहताच खटकू लागले असले पाहिजे.

हाच प्रश्न, परंतु कितीतरी अधिक तीव्र स्वरूपात, आपल्या महाराष्ट्रापुढे शंभरांवर वर्षांपूर्वी येऊन ठाकला होता. नवी मुंबईहून फार दूर नसलेल्या कल्याण शहरी महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाचा खेळ सिद्ध केला. काचांवर हातांनी रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडावयाची आणि ती चपळाईने बदलून हालचालीचा भास निर्माण करावयाचा, अशी ही योजना. सोबत निवेदन आणि संगीतही असे. ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात 7 जुलै 1896 रोजी दाखविली गेली. म्हणजे हा खेळ त्यांच्याही आधीचा. पुराणातल्या स्त्रिया या काचांवर निर्वेध वावरल्या. चित्रातील सीतेला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. तिला कुळ नव्हते, जात नव्हती, आणि तिच्या लग्नाची चिंता वाहणारे कोणी आप्तही नव्हते.

दादासाहेब फाळके हे मुळात चित्रकलेचे विद्यार्थी. 1912 साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी प्रथम नटांना हात घातला नाही. कुंडीत वाटाण्याचे बी पेरून दिवसागणिक त्याची चित्रे घेतली आणि पडद्यावर बीजाचा वेल पाहता पाहता उभा केला. या करामतीमुळे भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. निर्जीव वस्तूंना चित्राचित्राने हलविण्याचा हाच प्रकार पुढे 1915 साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात केला.

वाटाण्याने आणि आगकाड्यांनी त्यांना कधी नकार दिला नाही. नकार दिला तो माणसांनी. 'राजा हरिश्चंद्र'मधील तारामतीसाठी एकही स्त्री मिळेना. समाजाने बहिष्कृत मानलेल्या स्त्रियांनीही या धंद्याकडे पाठ फिरविली. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके हे तारामती झाले, आणि 3 मे 1913 रोजी तो चित्रपट गिरगावातील कॉरोनेशनमध्ये झळकला. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची बालवयीन कन्या कमलाबाई मोहिनी झाली. या धाडसापायी दुर्गाबाईंना स्वजनांचा रोष सोसावा लागला. परंतु त्या मायलेकींनी उघडलेले दार पुन्हा बंद झाले नाही. कमलाबाईंचे पुत्र चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले यांनी तर अभिनय हेच आपले जीवितकार्य मानले.

तेव्हा चित्राचा देह झाला की त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. काचेवरची सीता निंदेच्या पलीकडे होती. पडद्यावरची पार्वती नव्हती. म्हणून एखाद्या चित्रमालिकेचा सजीव अवतार पाहताना 'मूळचे रूप साधले का' एवढेच विचारून थांबू नये. चित्रात जे लपून गेले होते, त्यातले काय या देहाने उघड केले, आणि त्यासाठी कोण पुढे आले, हेही विचारावे.

एक गोष्ट सांगून हे भाषण पुरे करतो. 'आगकाड्यांची मौज' आज उपलब्ध नाही. 'राजा हरिश्चंद्र'चेही थोडेच भाग हाती राहिले आहेत. फिल्म जळते, विरते, हरवते. दुर्गाबाईंनी मिळविलेला हक्क मात्र नव्या महाराष्ट्रातील प्रत्येक अभिनेत्री रोज वापरीत आहे. आणि जी वस्तू रोज वापरात असते, तिला जतन करण्यासाठी वेगळे संग्रहालय लागत नाही.