हमी सरकारची, होकार पेढीचा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्या वाडवडिलांनी म्हणून ठेवले, त्या काळी घरासाठी पैसे उभे करण्याच्या वाटा तीनच होत्या. आयुष्यभर साठवा, बायकोचे सोने मोडा, नाही तर सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसा. आता आपली मुले सातासमुद्रापलीकडे घरे घेतात, तीस तीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतात आणि वर निवांत झोपतात, याचे घरोघरच्या वडीलधाऱ्यांना अजूनही नवल वाटते. फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याने यंदा फोनवर विचारले, “मामा, आम्ही कोणतं कर्ज घ्यावं?” त्याची बायको काही वर्षे अमेरिकेच्या नौदलात परिचारिका होती. त्यामुळे चार गिऱ्हाइकांसारखे साधे कर्ज घ्यावे, की माजी सैनिकांसाठी असलेले घ्यावे, असा त्यांच्यापुढे पेच होता. मी पडलो इतिहासाचा माणूस. व्याजाचे कोष्टक मला कोण विचारणार? पण प्रत्येक कर्जाच्या कागदामागे कोणाच्या तरी घराची राखरांगोळी झालेली असते, आणि तो इतिहास कळल्यावाचून कागदातली कलमे उमगत नाहीत, असे माझे मत आहे.

योगायोग असा की या गोष्टीचा उगम त्यांच्याच गावात आहे. फिलाडेल्फियाला लागून असलेल्या फ्रँकफर्ड या वस्तीत (ती पुढे 1854 साली शहरात सामील झाली) 1831 साली सदतीस जणांनी ‘ऑक्सफर्ड प्रॉव्हिडंट बिल्डिंग असोसिएशन’ नावाची मंडळी जमवली. दरमहा प्रत्येकाने ठरलेली वर्गणी भरायची, रक्कम जमली की ती सभासदांपैकी एकाला घरासाठी द्यायची, आणि ती कोणाला द्यायची हे अधिक रक्कम बोलणाऱ्यावरून ठरायचे. आपल्या बायकांना हे समजावून सांगायला नको. ही लिलावाची भिशीच! पहिले कर्ज कॉम्ली रिच नावाच्या माणसाला मिळाले, 375 डॉलरचे. तो फण्या बनवी आणि संध्याकाळी गावातले दिवे लावी. सगळ्यांची निकड भागल्यावर, दहा वर्षांनी, मंडळी विसर्जित झाली. एकमेकांना ओळखणारी माणसे एकमेकांच्याच पैशावर घरे बांधीत होती, आणि कोण कसा आहे हे सर्वांना ठाऊक होते. या रीतीचे बळ त्या ओळखीत होते आणि तिची मर्यादाही तीच होती. ओळखीपलीकडच्या माणसाला तिथे जागा नव्हती.

पुढे शहरे वाढली, पेढ्या आल्या. 1920 नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या पेढीचे साधारण कर्ज कसे होते हे आज कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही. घराच्या किमतीच्या निम्म्याइतके कर्ज मिळे, आणि तेही तीन ते पाच वर्षांच्या बोलीवर. तोवर बहुधा नुसते व्याज भरायचे. मुदत संपली की सारे मुद्दल एकरकमी पुढे उभे. ते कोणाजवळ असणार? तेव्हा पुन्हा पेढीत जायचे, पुन्हा नवे कर्ज काढायचे, पुन्हा दलाली द्यायची. उरलेल्या निम्म्या किमतीसाठी दुसरे गहाणखत, अधिक चढ्या व्याजाने. पेढीची नड नसे तोवर हे रहाटगाडगे सुरळीत चाले. 1929 नंतर पेढ्याच बुडू लागल्या, नवे कर्ज द्यायला कोणी राहिले नाही, आणि 1933 च्या आरंभी अमेरिकेत दिवसाला सुमारे हजार घरे जप्त होऊ लागली. यांतली कित्येक माणसे व्याज वेळेवर भरीत आलेली होती. ती बुडाली ती कर्जाच्या आकाराने नव्हे, त्याच्या मुदतीने. हा मुद्दा मी भाच्याला दोनदा सांगितला, कारण घर घेणारे लोक व्याजाच्या दराचा अर्धा टक्का घासाघीस करून कमी करतात आणि मुदतीच्या कलमावर मुकाट्याने सही करतात.

1933 च्या जून महिन्यात रूझवेल्ट सरकारने ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ काढले. त्याने दहा लाखांवर कुटुंबांची जुनी कर्जे आपल्याकडे घेतली आणि पंधरा वर्षांच्या मुदतीने, पाच टक्के व्याजाने नवी दिली. खरी नवलाई हप्त्यात होती. दर महिन्याच्या हप्त्यात थोडे व्याज आणि थोडे मुद्दल, आणि शेवटच्या हप्त्याबरोबर कर्ज शून्य. अशी रीत भिशीवजा मंडळ्यांनी आधी थोडीफार चालवली होती, पण देशभर रुळली ती इथून. पाठोपाठ 1934 साली ‘फेडरल हाऊसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ आले, ज्याला तिकडे सगळे एफएचए म्हणतात. त्याने स्वतः कर्ज न देता पेढीच्या कर्जाचा विमा उतरवला.

या चांगल्या कामाला एक काळी कड होती. गृहकर्ज मंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवून घेतले. जोखमीच्या वस्त्यांना लाल रंग दिला, आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ ठरल्यासारख्या लाल झाल्या. अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की मंडळाने त्या वस्त्यांतही पुष्कळ कर्जे दिली होती. खरा कडेकोट बंदोबस्त केला तो विमा उतरवणाऱ्या एफएचएने. त्याच्या नियमपुस्तकात ‘विसंगत’ वंशाचे लोक शेजारी येणार नाहीत अशी तजवीज असलेल्या वस्त्यांना चांगले गुण देण्याची शिफारस होती.

आता सैनिकांकडे वळतो. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना अमेरिकेने 1924 साली बोनस कबूल केला, पण तो मिळायचा होता 1945 साली. मंदीत पोट कसे भरायचे? 1932 च्या उन्हाळ्यात हजारो सैनिक, काही बायकामुलांसह, वॉशिंग्टनला येऊन धडकले. अ‍ॅनाकोस्तिया नदीकाठी फळ्या, पत्रे, खोकी जोडून त्यांनी झोपड्या उभ्या केल्या. सेनेटने त्यांची मागणी फेटाळली. 28 जुलैला जनरल मॅकआर्थरच्या हुकमतीखाली खडे सैन्य आले, घोडदळ आले, अश्रुधूर सुटला, आणि रात्री त्या झोपड्या जळाल्या. देशासाठी लढलेल्यांची घरे त्यांच्याच राजधानीत, त्यांच्याच लष्करासमोर जळालेली लोकांनी पाहिली.

ही आठवण बारा वर्षांनी कामाला आली. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा दीड कोटीच्या आसपास माणसे वर्दी उतरवून घरी येणार होती, आणि पुन्हा तसा मोर्चा कोणालाच नको होता. ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या हॅरी कॉल्मेरी यांनी कायद्याचा पहिला खर्डा वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात, हॉटेलच्याच कागदांवर लिहिला. 22 जून 1944 रोजी रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. लोक त्याला ‘जीआय बिल’ म्हणतात. शिक्षणाच्या तरतुदीने तो गाजला, पण आपला विषय घराचा आहे. सैनिकाने घर घेतले तर कर्जाच्या निम्म्या रकमेची, जास्तीत जास्त 2,000 डॉलरची, हमी सरकार घेई; व्याज चार टक्क्यांहून अधिक नाही, मुदत वीस वर्षे. पुढच्याच वर्षी हमी 4,000 डॉलरवर आणि मुदत पंचवीस वर्षांवर नेली.

येथे क्षणभर थांबायला हवे. सरकारने पैसे दिले नाहीत, शब्द दिला. सैनिक बुडाला तर आम्ही आहोत, असे ते पेढीला सांगत होते. म्हणजे सैनिकाने पेढीच्या दारात जायचेच होते, आणि आत घ्यायचे की नाही हे ठरवणारा माणूस जुनाच होता.

ज्याला आत घेतले त्याचे भाग्य फळफळले. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याची शेते होती. तिथे 1947 पासून लेव्हिट नावाच्या बांधकामदारांनी एकाच छापाची घरे उठवायला आरंभ केला. चार वर्षांत सतरा हजारांवर घरे झाली. साडेसातशे चौरस फूट, दोन झोपायच्या खोल्या. 1949 साली किंमत 7,990 डॉलर, आणि सैनिकाला हातातून एक डॉलरही आधी द्यावा लागत नसे. 1952 पर्यंत सुमारे 24 लाख सैनिकांना या हमीवर घरे मिळाली. आज आपण ज्याला अमेरिकन मध्यमवर्ग म्हणतो, त्यातला मोठा भाग या कागदावर उभा आहे.

पण त्या लेव्हिटच्या करारात एक कलम होते: गोऱ्यांवाचून कोणी त्या घरात राहायचे नाही, नोकर असला तर गोष्ट वेगळी. आणि मिसिसिपी राज्यात 1947 साली सैनिकांना हमीची 3,229 कर्जे दिली गेली, त्यांत कृष्णवर्णीय सैनिकांना मिळालेली किती? दोन. कायद्यात रंगाचा एक शब्द नव्हता. इटलीच्या चिखलात त्या माणसाच्या शेजारी तोफ ओढणाऱ्यांना घर मिळाले, त्याला पेढीवाल्याने हात हलवीत परत पाठवले. असल्या करारांची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 1948 साली दिला. घरांच्या व्यवहारात भेदभावाला कायद्याने बंदी यायला 1968 उजाडावे लागले. वीस वर्षांत त्या घरांच्या किमती कितीतरी वाढल्या होत्या. घर नसलेल्याला ती वाढ कोण भरून देणार?

माझ्या भाचेसुनेला मात्र दुसरीच हकीकत अधिक टोचली. 1970 च्या आसपासपर्यंत नवराबायको दोघे कमावते असले, तरी कर्ज देताना पेढ्या तरुण बायकोची मिळकत निम्मीच धरीत, कित्येकदा अजिबात धरीत नसत. उद्या मूल झाले की ही नोकरी सोडणार, हा त्यामागचा हिशेब. मूल होणार नाही अशा अर्थाचे डॉक्टरचे पत्र मागितल्याचीही उदाहरणे आहेत. 1974 च्या ‘इक्वल क्रेडिट अपॉर्च्युनिटी अ‍ॅक्ट’ने हे थांबवले. आज या घरात सैनिक तीच, हमीचा हक्क तिचा, आणि नवरा तिच्या अर्जावरचा सहअर्जदार! “हे मात्र तुमच्या इतिहासात छान झालं, मामा,” असे ती म्हणाली.

तर, कोणते कर्ज? चार लाख डॉलरचे घर धरू. एफएचएच्या कर्जाला किमतीच्या साडेतीन टक्के, म्हणजे 14,000 डॉलर, आधी हवेत. विम्यापोटी पावणेदोन टक्के सुरुवातीला, आणि पुढे वर्षाला साधारण 0.55 टक्के, म्हणजे महिन्याला पावणेदोनशे डॉलर. आधी भरलेली रक्कम दहा टक्क्यांहून कमी असेल, तर हा विमा ते कर्ज असेपर्यंत सुटत नाही. साध्या पेढीच्या कर्जाला पहिल्या घरासाठी तीन टक्क्यांपासून पुढे रोकड लागते. त्यावरही विमा असतो, पण कर्ज घराच्या मूळ किमतीच्या 80 टक्क्यांवर आले की तो बंद करण्याची मागणी करता येते. हा 1998 च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. ज्याची पत उत्तम आणि हाताशी रोकड आहे, त्याला हेच स्वस्त पडते. सैनिकाच्या कर्जाला आधी काही नको, मासिक विमाही नाही. मात्र पहिल्या खेपेस 2.15 टक्के शुल्क लागते, म्हणजे 8,600 डॉलर. सेवेतल्या अपंगत्वाचा भत्ता मिळत असेल तर तेही माफ. शुल्क कर्जातच मिळवता येते, आणि इथेच गंमत होते: चार लाखांच्या घरावर पहिल्या दिवशी 4,08,600 डॉलरचे देणे उभे राहते. दोन वर्षांत नोकरीपायी घर विकायची पाळी आली, तर दलाली जाऊन पदरचे घालावे लागतील. जिथे दहा वर्षे राहायचे आहे, तिथेच हे कर्ज शोभते. शिवाय हमी एक असली तरी दर प्रत्येक पेढीचा वेगळा. तीन ठिकाणचे लेखी भाव घेतल्यावाचून सही करू नये.

या कर्जातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट जाहिरातीत कुठे दिसत नाही. इतर कर्जांत मिळकतीच्या किती टक्के हप्त्यात जातात हे पाहतात. सैनिकाच्या कर्जात त्याखेरीज असेही पाहतात की हप्ता, कर, सारे भागवून घरात खायला-प्यायला रोख काय उरते. माणसे किती आणि देशाचा भाग कोणता, यावर आकडा ठरलेला आहे. फिलाडेल्फियाच्या बाजूला चौघांच्या कुटुंबाला महिन्याला 1,025 डॉलर उरले पाहिजेत. आमच्या आज्या डब्यातल्या पैशांचा हिशेब असाच करीत. 2008 नंतर लाखो घरे पुन्हा जप्त झाली, पुन्हा मुदतीच्या आणि चढत्या व्याजाच्या कलमांमुळे. तेव्हा सैनिकांची कर्जे, आधी एक पैसा न भरता दिलेली असूनही, पुष्कळच टिकून राहिली. या एका प्रश्नाचा त्यात मोठा वाटा आहे असे मला वाटते.

शेवटी भाच्याने विचारले, “आणि मी एकटाच असतो तर? सैनिक नसलेल्याला यातलं काहीच नाही का?” आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. एखादा सैनिक घर विकतो, तेव्हा त्याचे चालू कर्ज, जुन्या दरासकट, घेणाऱ्याला पेढीच्या संमतीने आपल्या नावावर करून घेता येते, आणि घेणारा सैनिक नसला तरी चालते. 2021 साली तीन टक्क्यांच्या आत काढलेले कर्ज असे हाती आले तर सोन्याहून पिवळे. फक्त घराची किंमत आणि उरलेले कर्ज यांतला फरक स्वतः उभा करावा लागतो. विकणाऱ्या सैनिकाने मात्र आपली जबाबदारी संपल्याचे पत्र लेखी घ्यावे. घेणारा बिगरसैनिक असेल तर ते कर्ज फिटेपर्यंत सैनिकाच्या हमीचा तेवढा भाग त्या जुन्या घरात अडकून राहतो. भाचा आता रविवारी रविवारी माजी सैनिकांची विकाऊ घरे पाहत हिंडतो आहे, आणि बायकोचा हमीचा हक्क पुढच्या घरासाठी राखून ठेवावा की काय, याचा दोघांत वाद चालू आहे.