७/८/०७ आणि तात्पुरते बोल्ट

८ जुलै २००७. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणजे ७/८/०७. बोइंगने आपलं ७८७ ड्रीमलायनर जगाला दाखवायला नेमका हाच दिवस निवडला. सिअ‍ॅटलजवळच्या एव्हरेटमधल्या कारखान्याचे दरवाजे उघडले, चकाचक विमान दिसलं, टाळ्या पडल्या. ६७७ विमानांच्या ऑर्डर्स आधीच खिशात! फक्त आतून ते बरंचसं पोकळ होतं, आणि कितीतरी जोड तात्पुरत्या बोल्टांवर होते.

आता म्हणाल, बोल्टासाठी एवढं काय अडलं? तर मंडळी, या विमानाचं साधारण निम्मं वजन कॉम्पोझिटचं, मुख्यतः कार्बन फायबरचं. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात रिव्हेट ठोकला की काम झालं. कॉम्पोझिटला ही ठोकाठोकी सोसत नाही. भोक पाडताना घाई केली तर आतले थर सुटतात, आणि वरून ते दिसेलच असं नाही. अ‍ॅल्युमिनियम भोकापाशी किंचित दबतं आणि भार शेजारच्या बोल्टांवर वाटला जातो. कार्बन फायबर तसं दबत नाही, म्हणून भोकं अगदी मापात हवीत. त्यात कार्बनला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात गंजतं, म्हणून बोल्ट टायटॅनियमचे. मग सरळ चिकटवून का टाकत नाहीत? कारण चिकटवलेला जोड किती पक्का आहे, हे तो न तोडता खात्रीने सांगता येत नाही.

२००१ नंतर विमानधंदा बसला, तेव्हा बोल्ट बनवणाऱ्यांनी माणसं कमी केली होती. आता मागणी एकदम वाढली आणि माल पुरेना. सप्टेंबर २००७ मध्ये पहिलं उड्डाण तीन महिने पुढे गेलं. कारणं दोन: बोल्टांची टंचाई आणि अर्धवट सॉफ्टवेअर (आपली बिरादरी इथेही आहेच!). नोव्हेंबर २००८ मध्ये काही बोल्ट चुकीचे बसवलेले निघाले. ते काढून पुन्हा बसवा, म्हणजे त्याच नाजूक भोकांना पुन्हा हात लावा. जून २००९ मध्ये पंख धडाला मिळतात तिथला जोड मजबूत करावा लागला. विमान उडालं १५ डिसेंबर २००९ ला.

उशिराला संपासारखी इतरही कारणं होती. पण मला राहून राहून ती तारीखच आठवते. काम झालं म्हणून तारीख ठरली नव्हती. आकडा छान जुळला म्हणून ठरली होती. डेमोसाठी जे तात्पुरतं लावतो, ते नंतर काढायला लागणारा वेळ कुणाच्याच प्लॅनमध्ये नसतो.